श्रीनगर ते लेह किती लांब?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गोव्यात म्हापशाला प्रवासाची तिकिटं काढून देण्याचं माझं काम. मे सरत आला की हा प्रश्न ठरलेला: श्रीनगरहून लेह किती लांब, विमानाने किती वेळ? किनाऱ्यावरचे शॅकवाले, हॉटेलवाले, टॅक्सीवाले, सगळ्यांना सवड मिळते ती पावसातच. लडाखचा मोसमही नेमका तोच, कारण आपला पाऊस हिमालयाला अडून तिथे फारसा पोचत नाही.

सरळ रेषेत अंतर सुमारे २५५ किलोमीटर, रस्त्याने ४२०च्या आसपास. विमानाला पाऊण ते एक तास लागतो, गाडीने दोन दिवस धरावेत.

यापेक्षा उंची विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर, आणि शहर साधारण ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच असतो, म्हणून एका श्वासात प्राणवायूही तेवढाच मिळतो. आपण जन्मभर किनाऱ्यावर राहिलेली माणसं. तासाभरात तिथे उतरलो की डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. हे अंगावर काढू नये. क्वचित फुप्फुसात पाणी होऊन जिवावर बेततं. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस खोलीतच विश्रांती घ्या, खारदुंगला ही लेहहून उंच खिंड नंतर बघा. घरात कोणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.

माझं मत विचाराल तर जाताना रस्ता, येताना विमान. सोनमर्ग ओलांडलं की झोजिला खिंड, ३,५२८ मीटर. पुढे द्रास, आणि मुक्काम कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर. उंच खिंड ओलांडून खाली येऊन झोपायचं, हे शरीराला मानवतं. दुसऱ्या दिवशी नमिकाला, मग या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड फोटुला, ४,१०८ मीटर. लामायुरूनंतर सिंधू भेटते आणि निम्मूला झंस्कार नदी तिला येऊन मिळते. विमानाच्या खिडकीतून हे हाताशी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सोनमर्गजवळच्या बालटालच्या बाजूने अमरनाथ यात्रेची गर्दी असते, वाहतूक अडवून सोडतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

चतुर्थीला घरी पोचायचं असेल तर परतीचं तिकीट आधी पक्कं करा. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात. दुपारी वारा सुटतो, हवा तापून आणखी विरळ होते आणि विमानाला वजन उचलणं जड जातं. हवा बिघडून सकाळचं विमान रद्द झालं तर बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं तिकीट मी कोणालाच काढून देत नाही. निदान दोन दिवस आधीचं घ्या, आणि दिल्लीहून गोव्याला, मोपाच्या विमानतळावर येणारं विमान संध्याकाळचं.