अर्ध्या तळहाताची मेंदी

नागपंचमीला तीन दिवस राहिले असताना, बुधवारी दुपारी साडेचारच्या सुमारास, बाळंतिणींच्या वॉर्डमधल्या शेवटच्या खाटेवरून चारपाच बायकांच्या हसण्याचा इतका मोठा आवाज आला की मी हातातले रजिस्टर उघडेच टाकून उठले. त्या खाटेवरची मुलगी 23 वर्षांची होती. सोमवारी रात्री तिची प्रसूती झाली होती. मूल 21 आठवड्यांचे होते आणि पोटातच गेलेले होते. बाळाचे अवयव नीट आहेत ना हे पाहण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत ठोकेच सापडले नाहीत, आणि तिथून ती थेट आमच्याकडे आली होती. आधी एक गोळी, मग दीड दिवसाने कळा आणणाऱ्या गोळ्या, आणि बाकी सगळे इतर बायकांसारखेच, त्याच टेबलावर.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगते, की अशा बाईसाठी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात वेगळी खोली नाही. कोपऱ्यातली खाट द्यायची आणि मध्ये पडदा ओढायचा, एवढेच आमच्या हातात असते. पडद्याने दिसायचे थांबते, ऐकू यायचे थांबत नाही. रात्री एक बाळ रडले की चार रडतात. कागदांचीही तीच गत आहे. 28 आठवड्यांच्या आत गेलेले मूल सरकारी व्याख्येत मृतजन्म ठरत नाही, त्याची नोंद गर्भपातातच करायची. मराठीत आपोआप झालेला आणि करून घेतलेला, दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे कार्डावर तो वाचून घरच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी तिच्याकडे संशयाने पाहतेच. त्या मुलीचे हिमोग्लोबिन 7.2 होते. शिरेतून लोह द्यायचे होते, एक दिवसाआड, म्हणून ती चार दिवस आमच्याकडे राहिली.

पडदा बाजूला केला तेव्हा माहेरच्या चार मैत्रिणी खाटेवर आणि खाटेभोवती दाटीवाटीने बसलेल्या होत्या. सलाइनचा डावा हात उशीवर ठेवलेला, आणि उजव्या हातावर एकजण कोनाने मेंदी काढत होती. दुसरी गेल्या पंचमीची गोष्ट सांगत होती, की कडुलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याचा दोर सुटला आणि चुलतसासू नवीन लुगड्यासकट चिखलात कशा बसल्या, आणि उठायचे सोडून तिथूनच सगळ्यांना शिव्या कशा देत राहिल्या. सांगणारीला हसण्यामुळे पुढचे शब्द फुटत नव्हते. आमची रुग्ण डोळे मिटून, पोटावर हात दाबून हसत होती. टाके नव्हते, पण दुखत असणारच.

मी म्हणाले, "हे काय चाललंय? हिमोग्लोबिन सात आहे हिचं. मेंदी लावली तर तळहाताचा फिकेपणा आम्ही बघायचा कसा? आणि जरा जागेचं तरी भान ठेवा."

फिकेपणाचे कारण खोटे नव्हते. मेंदी आणि नखरंग आम्हाला नकोच असतात, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रालाही गडद नखे चालत नाहीत. पण फिकेपणा आम्ही डोळ्यांची खालची पापणी ओढून आणि जीभ पाहूनही ठरवतो, आणि तिला कोणतेही यंत्र लावलेले नव्हते. खरे कारण एवढेच होते की मला ते हसणे सहन झाले नाही. आदल्या दिवशी ती रडत होती तेव्हा तिच्याजवळ बसायला मला वीस मिनिटे सापडली होती, आणि अशा बायकांशी मी चांगली वागते असा माझा समज आहे. हसण्यामुळे ती जणू माझ्या हातून निसटली.

बाजूच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या सासूबाईंनी लगेच माझी बाजू घेतली. "बरं केलंत सिस्टर. दोन दिवस न्हाईत झालं लेकरू जाऊन." सार्वजनिक वॉर्डमध्ये न मागता मत देणारी एक बाई नेहमी असते, आणि ती आपल्या बाजूने बोलली की आपण चुकलो असे समजायला हरकत नसते. मला मात्र ते तेव्हा समजले नाही. मैत्रिणी कोन पिशवीत टाकून निघून गेल्या. मेंदी करंगळीच्या बाजूने अर्ध्या तळहातापर्यंत आली होती.

रात्रपाळीची सिस्टर आली नाही, म्हणून मलाच थांबावे लागले. दोनच्या सुमारास त्या मुलीने हाक मारली. पुढच्या खाटेवरचे बाळ रडत होते आणि तिच्या ब्लाउजवर दोन ओले गोल उमटले होते. "सिस्टर, हे काय होतंय?" ती विचारत होती आणि अर्ध्या मेंदीचा हात छातीवर दाबत होती.

विसाव्या आठवड्यानंतर गेलेल्या मुलाच्या आईलाही दुसऱ्यातिसऱ्या दिवशी दूध उतरते. शरीराला फक्त वार पडल्याचे कळते, आणि बाळाचे रडणे ऐकून, मग ते कोणाचेही बाळ असो, पान्हा फुटू शकतो. दूध येऊच नये म्हणून पहिल्याच दिवशी कॅबर्गोलिनची एक मिलिग्रॅमची गोळी देता येते. तिच्या कागदावर ती कोणी लिहिली नव्हती. आमचा छापील तक्ता स्तनपान करणाऱ्या आईसाठी आहे. ज्या रकान्यात ‘बाळ दूध ओढते का’ असे विचारले आहे तिथे डॉक्टरांनी आडवी रेघ मारली होती आणि पुढच्या पानावर गेले होते. ती रेघ मीही दोन पाळ्यांत पाहिली आणि मला काही सुचले नाही, हेही लिहिलेच पाहिजे. डॉक्टरांना उठवून पाव मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ दोन दिवस असे लिहून घेतले, घट्ट ब्रा आणि थंड पट्ट्या सांगितल्या, पिळून काढू नकोस म्हणून बजावले.

पट्ट्या बदलताना ती आपणहून बोलू लागली. दोर सुटल्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या मैत्रिणीचे दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गेले होते. कोणाला सांगितले नव्हते. त्या दुपारी पहिल्यांदा सांगितले, आधी दोघी रडल्या, मग झोक्याची गोष्ट निघाली. दिवस गेल्याचे कळलेल्या 100 जणींपैकी 10 ते 15 जणींचे असे होते, बहुतेकींचे पहिल्या तीन महिन्यांतच, हे मी प्रशिक्षणात शिकवते. तरीही त्या चार मैत्रिणींत एक असेल, असे मला पडदा ओढताना वाटले नव्हते.

शुक्रवारी सकाळी घरी सोडताना तिने विचारले, "सिस्टर, उद्या पंचमी. माहेरी जाऊ का?"

मी सांगितले, की वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसू नकोस, धक्के बसतात. तासाला एक पॅड भिजायला लागले, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच ये. दोन आठवडे जड उचलू नकोस. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि झोका?"

"झोका नको एवढ्यात. हिमोग्लोबिन कमी आहे, चक्कर येईल."

वैद्यकीयदृष्ट्या यात एकही शब्द चुकीचा नाही, आणि मी तो आजही बदलणार नाही. पण पंचमीला दिंडे करायची, त्या दिवशी चिरायचे-कापायचे नाही, तवा ठेवायचा नाही, बायांनी फेर धरायचा हे सगळे ज्या गावात ठरलेले असते, त्या गावची मुलगी मला चक्करेबद्दल विचारत नव्हती. बुधवारी माझ्याच आवाजाने तिने हसू गिळले होते, आणि परवानगी ती त्याच आवाजाकडे मागत होती. हे मला ती गेटबाहेर पडल्यावर, गोळ्यांच्या पट्ट्या मोजताना कळले.

दोन आठवड्यांनी ती तपासणीला आली, सासूबरोबर. तळहातावरची मेंदी उडाली होती, पण दोन्ही हातांची दहाही नखे लालभडक होती. डाव्या हाताला इथे कोणी मेंदी लावलेली नव्हती.

"गेलीस माहेरी?" मी विचारले.

"जाऊन आली की दोन दिवस," सासूबाईच म्हणाल्या, "आम्ही काय बांधून घालतोय व्हय?" आणि त्या औषधाच्या खिडकीकडे गेल्या.

तेवढ्यात तिने हळूच सांगितले, "दोन झोके घेतले, सिस्टर. दोनच. चक्कर नाही आली." थोडे थांबून म्हणाली, "काही वाईट तर नाही ना केलं मी?"

मी तिची खालची पापणी ओढून पाहत होते. "रंग येतोय," मी म्हणाले, आणि कार्डावर लिहिले.