दावणीला बांधलेला पीएसपी

भाचा सुट्टीला आला की काहीतरी प्रश्न घेऊनच येतो, या वेळचा होता, "मामा, हे टीव्हीला लागतं का रे?" हे म्हणजे त्याचा स्विच लाइट, निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा गेम, त्याच्या आत्याने दुबईहून आणलेला. मी म्हटलं नाही लागत. पण दुकानातल्या माणसाने त्याच्या गळ्यात आधीच एक एचडीएमआय अडॅप्टर मारला होता, "सगळ्याला चालतो" असं सांगून, आणि खाऊचे पैसे घालवून आलेल्या पोराला तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं. मग तासभर आम्ही दोघं ती पिन काढतोय, फुंकर मारतोय, परत घालतोय (फुंकर मारायची सवय कॅसेटच्या काळातली, तेव्हाही तिचा उपयोग होत असेल असं वाटत नाही), टीव्ही आपला निळाढोण, नो सिग्नल.

मोठा स्विच २०१७ ला आला तेव्हा त्याचं कौतुकच हे होतं की डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खाचेत, सरकवला की चित्र टीव्हीवर, उचलला की हातात. हातात ७२० ओळींचं चित्र (७२०पी), टीव्हीवर १०८० ओळींपर्यंत. २०१९ चा लाइट स्वस्त आणि आटोपशीर, पण त्यात चित्र बाहेर पाठवायची सोयच ठेवलेली नाही. नळच नाहीये, तिथे बादली कुठलीही लावा.

पोराचं तोंड बघवेना म्हणून मी माळ्यावर चढलो आणि माझा पीएसपी काढला, सोनीचा हातातला गेम, ३००० मॉडेल, पहिल्या पगारातून घेतलेला. हा टीव्हीला जोडता येतो हे मला तेव्हापासून माहीत होतं, पण कधी लावला नाही, कारण लावणार कुठे? डोंबिवलीत वन रूम किचन, टीव्ही एक, सात ते दहा आईच्या सिरियल, मग बाबांच्या बातम्या, मॅच असली की दोघंही बाद आणि टीव्ही शेजारच्या काकांचा. लहानपणी व्हिडिओ गेम होता तोसुद्धा दुपारी दोन ते चार याच वेळात, आईचा डोळा लागला की आवाज शून्य करून. म्हणून तर हातातल्या गेमचं अप्रूप. जत्रेतला ब्रिक गेम असो की हा पीएसपी, ती तेवढीच स्क्रीन आपल्या मालकीची, तिथे कोणी "जरा बातम्या लाव" म्हणत नाही.

तर केबल. बघून घ्या, कारण यात लोक फसतात. पीएसपीच्या पहिल्या १००० मॉडेलला टीव्हीची सोयच नाही. २००७ च्या २००० मॉडेलला आहे, पण साध्या पिवळ्या पिनेवर त्यात फोटो, व्हिडिओ, मेनू एवढंच दिसतं, गेम नाही, गेमसाठी कॉम्पोनंट केबल हवी, पाच पिनांची. ३००० ला मात्र पिवळ्या पिनेवरही गेम दिसतो. माझ्याकडे पिवळी-लाल-पांढरीच होती. नव्या टीव्हीला ती भोकं नसतात, मागे एक हेडफोनसारखं बारीक भोक असतं आणि त्याची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते जी आपण पहिल्याच दिवशी हरवतो. आमची रबरबँडच्या डब्यात सापडली.

पंधरा वर्षांत बॅटरीने राम म्हटलेला (तिचा काय दोष), म्हणजे चार्जरही लावूनच ठेवायचा. स्क्रीनखालचं बटण जरा वेळ दाबून धरलं, हातातली स्क्रीन काळी झाली आणि चित्र टीव्हीवर उमटलं. भाचा ओरडला. आणि मग गप्प झाला, कारण चित्र टीव्हीभर नव्हतंच, मधोमध एक चौकट आणि चारी बाजूंनी काळं, दिवाळीत दारात काढलेल्या छोट्या रांगोळीसारखं. कारण साधं आहे, पीएसपीची स्क्रीन ४८० बाय २७२ ठिपक्यांची, टीव्हीला तो पाठवतो ७२० बाय ४८० ची जागा, मग गेम त्यात जेवढ्यास तेवढा बसतो, उरलेलं काळं. टीव्हीच्या झूममध्ये जाऊन ताणला तर गेममधल्या धावपटूचा चेहरा भाजलेल्या पापडासारखा. पीएसपीची स्क्रीन ४.३ इंच, आमचा टीव्ही ४३, बरोब्बर दहापट, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट! हातावर जे रेखीव दिसायचं ते भिंतीवर ताणल्यावर काय होणार.

गंमत म्हणजे हे दुखणं जुनंच आहे. निन्टेन्डोचाच हातातला गेम, १९८९ चा गेम बॉय, त्याची स्क्रीन १६० बाय १४४, चार छटा. १९९४ ला त्याच्या कॅसेटी टीव्हीवर खेळायला सुपर गेम बॉय नावाचा अडॅप्टर निघाला, सुपर निन्टेन्डो या टीव्हीच्या गेमला लावायचा, तेव्हाही चित्र पुरेना. पण त्यांनी उरलेल्या जागेत काळं नाही ठेवलं, भोवती रंगीत नक्षीची चौकट घातली. मला ही आयडिया लय आवडते. नवं घर मोठं आणि सामान जुनं असलं की आपण भिंतीवर कॅलेंडरं लावतोच की.

दुसरा त्रास हाताला. बटण दाबलं की टीव्ही आधी चित्र स्वतःच्या डोक्याने सुधारतो, रंग चढवतो, मग दाखवतो, तेवढ्यात माझा माणूस खड्ड्यात गेलेला असतो. गेम मोड लावल्यावर बरंच सुधारलं, ते सेटिंग पिक्चरमध्ये आत कुठेतरी दडलेलं असतं. पण ब्लूटूथचा रिमोट वगैरे या मॉडेलला नाही, पीएसपी हातातच धरायचा, आणि त्याच्या एका अंगाला टीव्हीची वायर, एका अंगाला चार्जर. सोफ्यापर्यंत काही पुरेना. मी फरशीवर मांडी घालून, टीव्हीच्या पुढ्यात.

आई चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "अरे, दावणीला बांधल्यासारखा काय बसलायस?"

भाचा दहा मिनिटं बसला, दोन वेळा हरला, मग लाइट घेऊन उशीत तोंड खुपसून पडला. आई मात्र सोफ्यावर टेकली. "डावीकडे पैसे राहिले बघ", "अरे मागून येतोय तो", एवढ्या वर्षांत या गेममध्ये मला कोणी सूचना दिल्या नव्हत्या, आणि खरं सांगतो, सुरुवातीला राग आला. मग तिने घड्याळ बघितलं. "आठ वाजले की उठायचं हं, माझी—" म्हणता म्हणता थांबली, चष्मा वर करून फोन हुडकला, सिरियल आता ती त्यावरच बघते, कानात घालून, स्वयंपाकघरात. फोन उशीखाली सापडला. तिने तो परत तिथेच ठेवला आणि म्हणाली, "तो पिवळा डबा घे आधी."