रोजची भाकर आज आम्हास दे

सगळ्यांना सलाम. खूप दिवसांनी लिहितेय, यंदाचा लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) सुरू होऊन बरेच दिवस झाले आणि मी रोज रात्री ठरवायची की आज लिहू, मग पप्पांची औषधं, मुलाचा अभ्यास, झोप. राहूनच जायचं.

मागच्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, 5 मार्चला होता. आमच्या चर्चमध्ये कपाळाला राख लावत नाहीत, फक्त संध्याकाळची उपासना असते (वसईच्या मैत्रिणीकडे लावतात, मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती राख करतात, मला ते फार आवडतं). पप्पा दर लेंटला शुक्रवारी दुपारपर्यंत उपास करायचे, चहासुद्धा नाही, आणि ईस्टरपर्यंत मटण बंद. रविवार सोडून चाळीस दिवस मोजायचे आणि रविवारी चहा डबल प्यायचे, म्हणायचे रविवार उपासात धरत नाहीत ना.

दुसऱ्या शुक्रवारी, 14 मार्चला, सकाळी ते उठले तेव्हा तोंड जरा वाकडं वाटलं आणि उजवा हात लुळा. मम्मीला वाटलं उपासाने चक्कर आली असेल, रात्रीही नीट जेवले नव्हते, म्हणून तिने साखरपाणी दिलं आणि पडून राहा म्हणाली. मी दहा वाजता पोचले. त्या दिवशी धुळवड, एक रिक्षा थांबेना, शेवटी शेजारचा दादा अंगावरच्या रंगासकट गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं. रात्री साडेदहाला. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे, आणि झोपेत पक्षाघाताचा झटका आला तर तास मोजायचे कुठून. तर ते गेलंच हातातून. मम्मी अजून त्या साखरपाण्याबद्दल रडते.

खरं सांगते, मला देवाचा राग आला होता. माणूस तुझ्यासाठी उपाशी राहतो आणि तू त्याच दिवशी, त्या उपासाच्याच आडून असं करतोस? हे मी चर्चमध्ये कोणाला बोलले नाही. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, सिस्टर, प्रभूची काहीतरी योजना असेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण आयसीयूच्या बाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बसलेल्या माणसाला योजना वगैरे सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डबा आणावा. एका काकूंनी काही न बोलता सलग नऊ दिवस डबा आणला, त्यांची प्रार्थना मला सगळ्यात जास्त ऐकू आली.

घरोघरच्या लेंटच्या सभांमध्ये पाळकसाहेबांनी एकदा पंडिता रमाबाईंचं सांगितलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, 1921 साली मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, आणि तरी या बाई केडगावात बसून बायबलचं भाषांतर पुरं करत होत्या. स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मी सहज मोबाईलवर बघितलं, त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता म्हणजे त्या लेंटमध्येच गेल्या, आणि यंदा ईस्टर नेमका 5 एप्रिललाच आलाय. पण तेव्हा ते ऐकून धीर येण्याऐवजी मला धडकीच भरली, की बाई गं, एवढा विश्वास मी कुठून आणू.

मग गुड फ्रायडे. बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, मी एकटीच गेले कारण मम्मी पप्पांजवळ. पंखे फिरत होते पण घाम जात नव्हता. चौथा उद्गार आला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेला. प्रवचन करणारे म्हणाले की हे बायबलातल्या स्तोत्र 22 चं पहिलंच वाक्य आहे, येशूला पाठ होतं, वेदनेत तेच तोंडात आलं. मला एकदम वाटलं की अरे, मग तक्रार करायलासुद्धा शब्द दिलेलेच आहेत की. घरी येऊन पप्पांचं जुनं बायबल काढलं, स्तोत्रं वाचत सुटले, आणि 88 वं तर असं आहे की शेवटपर्यंत अंधारच, एकही गोड ओळ नाही शेवटी. आणि तरी ते बायबलात आहे, कोणी काढून टाकलं नाही. त्या रात्री मी देवाशी पोटभर भांडले. भांडताना लक्षात आलं की समोर कोणी आहे हे धरूनच मी भांडतेय.

पप्पांचं बोलणं पूर्ण गेलं होतं. पाणी म्हणता येईना, माझं नाव येईना, हो-नाहीची सुद्धा अदलाबदल व्हायची. ईस्टर झाल्यानंतरच्या एका मंगळवारी, काही विशेष दिवस नव्हता, मम्मी जेवायच्या आधी सवयीने प्रभूची प्रार्थना म्हणत होती, ‘आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि तिसऱ्या ओळीपासून दुसरा आवाज. जड, चिकटलेला, पण शब्द नीट. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’. मम्मीच्या हातातला चमचा तसाच राहिला. आमेन झालं आणि मी विचारलं, पप्पा भाकरी देऊ? तर तोंडातून नुसतं ब, ब.

मंडळीत सगळे चमत्कार म्हणाले. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की असं बऱ्याच जणांचं होतं, मेंदूची डावी बाजू दुखावली की नवं वाक्य जुळत नाही पण पाठ असलेलं, गाणं, आकडे, प्रार्थना बाहेर येतात. मला दोन्हींत भांडण दिसत नाही. पप्पांनी साठेक वर्षं रोज ते म्हटलं म्हणून ते तिथे उरलं, एवढं मला कळतं. मध्येच थांबवलं तर अडकतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आता वर्ष झालं. काठी घेऊन संडासपर्यंत जातात, पाणी म्हणतात, मला अजून मम्मीच्या नावाने हाक मारतात. उपास डॉक्टरांनी बंद केलाय, त्यावर रुसून बसतात. येत्या शुक्रवारची सभा आमच्याकडे आहे, सतरंज्या झटकायच्यात, पेटी शेजारच्यांकडून आणायचीय आणि पप्पांनी आत्तापासून इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवलाय.