बंद फाटकाची वही

28 फेब्रुवारी 2023, मंगळवार. दुपारचे दोन चाळीस. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसातून फोन आला, "अर्ज पाठवायला गेले तर लाल अक्षरांत काहीतरी येतंय. वाचून दाखवू?"

तिने वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. काउंटीची 'सॅम'मधली, म्हणजे केंद्राकडे पैसे मागायला लागणारी, नोंदणी संपलेली होती, तीही जानेवारीतच. मुदत त्याच रात्री 11 वाजून 59 मिनिटं 59 सेकंदांची.

मी ओहायोच्या ग्रामीण भागातल्या एका प्रादेशिक नियोजन संस्थेत काम करते. आमच्या भागातल्या बऱ्याच गावांकडे आणि काउंट्यांकडे स्वतःचा इंजिनिअर असला तरी अर्ज लिहिणारं माणूस नसतं. तो इंजिनिअर खड्डे बुजवणं, बर्फ काढणं आणि पूल तपासणं यातच बुडालेला. त्यामुळे वॉशिंग्टनकडे पैसे मागायचे झाले की ते काम आमच्याकडे येतं. मोठी शहरं सल्लागार कंपन्या लावतात. इथे तो सगळा भार आमच्या अकरा माणसांवर.

यावेळची मागणी होती एका रेल्वे फाटकावरच्या उड्डाणपुलाची. केंद्राच्या परिवहन खात्याच्या त्या योजनेचं तेव्हाचं नाव रेझ. 2009 मध्ये मंदीच्या काळात ती टायगर नावाने सुरू झाली, 2018 मध्ये बिल्ड झाली, 2021 मध्ये रेझ. नाव बदलत राहिलं, पण मूळ कल्पना तीच: गाव, शहर, काउंटी किंवा राज्य यांनी आपला प्रकल्प घेऊन थेट केंद्राच्या दारात उभं राहायचं आणि देशभरातल्या अर्जांशी स्पर्धा करायची. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त अडीच कोटी डॉलर, एका राज्याला एकूण निधीच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि निम्मा पैसा ग्रामीण भागासाठी राखलेला. ही शेवटची अट नसती तर आमच्यासारख्यांनी अर्ज करायचं धाडसच केलं नसतं.

मी मिरजेची. जंक्शनचं गाव. फाटकात अडकणं म्हणजे काय हे मला शिकवावं लागत नाही. शाळेत असताना सायकलवर एक पाय टेकून मालगाडीचे डबे मोजलेत. पण इथल्या मालगाड्या बघितल्यावर ती मोजणी फारच लहान वाटायला लागली. दोन-दोन मैल लांबीची गाडी, पुढे साइडिंगला जागा नाही म्हणून गावाच्या मधोमध थांबलेली. फाटक किती वेळ बंद राहील याला कायद्याची मर्यादा नाही. ओहायोचा जुना कायदा गाडी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबली तर दंड करायचा, पण ऑगस्ट 2022 मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रेल्वेचा कारभार हा केंद्राचा विषय, राज्याला त्यात दंड लावता येत नाही. म्हणजे तक्रारीचा रस्ता बंद. राहिला तो पूल.

आपल्याकडे फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या आणि रस्त्यावरची वाहनं यांचा गुणाकार एक लाखावर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. इथे पुलाची गरज आधी गावाने सिद्ध करायची, पैसेही त्यानेच मागायचे.

आणि या गावाची गरज एका वहीत होती.

स्वयंसेवी अग्निशमन दलाचे चीफ. वय साठीच्या पुढचं, दिवसा शेती. फायर स्टेशन रुळांच्या एका बाजूला, हॉस्पिटलला जाणारा रस्ता दुसऱ्या बाजूला. त्यांच्या शर्टाच्या खिशात मावेल एवढी, वरून तारेने बांधलेली वही. पहिल्या भेटीत त्यांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा तिचे कोपरे गोल झाले होते आणि पुठ्ठ्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. आत शिसपेन्सिलीने तारीख, वेळ, मिनिटं, आणि पुढे एक-दोन शब्द. "12 मि." "31 मि., स्कूल बस." "9 मि." मग एका पानावर "47 मि., छातीत दुखणं, पलीकडे." त्या ओळीखाली त्यांनी रेघ ओढली होती आणि पुढे काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ती वही आणि फाटकाजवळच्या निळ्या पाटीवरचा क्रमांक, सहा आकडे आणि एक अक्षर, या दोन गोष्टींवरून मी दोन महिने अर्ज रचत होते.

अर्जातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे खर्च-लाभाचं गणित. परिवहन खात्याची मार्गदर्शिका आहे. तिच्या 2023 च्या आवृत्तीनुसार अपघातातला एक मृत्यू टळला तर लाभाच्या रकान्यात 1 कोटी 18 लाख डॉलर लिहायचे. गाड्यांचा थांबलेला वेळ तासांत मोजून त्याचे पैसे करायचे. मग भविष्यातला प्रत्येक डॉलर वर्षाला 7 टक्क्यांनी आजच्या किमतीवर आणायचा. हे गणित वाईट आहे असं मी म्हणत नाही. करदात्यांचा पैसा आहे, कुठे खर्च करायचा याला काही तरी माप हवंच. पण या मापात रस्त्यावरची वाहनं कमी असली की लाभही कमी दिसतो. दिवसाला काही शे गाड्यांच्या रस्त्यावर एक माणूस छातीवर हात ठेवून 47 मिनिटं थांबला, हे त्या तक्त्यात जवळपास दिसतच नाही. म्हणून मी वहीच्या प्रत्येक नोंदीचा तक्ता केला, हॉस्पिटलपर्यंतचं अंतर आणि पर्यायी रस्त्याचा वळसा नकाशावर दाखवला, आणि सुरक्षिततेच्या भागात तो तक्ता अगदी पुढे ठेवला. मला वाटतं, अर्ज लिहिणाऱ्याचं खरं काम हेच आहे. मापात न बसणारी गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू द्यायची नाही.

त्यातच 3 फेब्रुवारीला ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये मालगाडी घसरली. रसायनांचे डबे पेटले, गावाला घरं सोडायला लागली. आमच्या भागापासून ते लांब, पण त्या महिन्यात ओहायोत रुळांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय होता. शाळेच्या अधीक्षकांपासून दूध डेअरीच्या मालकांपर्यंत पाठिंब्याची पत्रं आपणहून यायला लागली.

एवढं सगळं जमवून, आता दोन चाळीसला, लाल अक्षरं.

सॅम म्हणजे केंद्राकडून पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी. तिथून बारा अक्षर-आकड्यांचा एक ओळख क्रमांक मिळतो, आणि नोंदणी दरवर्षी नव्याने करायची असते. काउंटीत हे काम ज्या बाई बघायच्या त्या नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाल्या. नूतनीकरणाची आठवण करून देणारे ईमेल त्यांच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले, आणि तो पत्ता बंद. खात्याचा पासवर्ड नव्याने घ्यायचा तर त्याच पत्त्यावर येणारा ईमेल लागणार. दुसऱ्या माणसाला प्रशासक नेमायचं तर नोटरी केलेलं पत्र पाठवून वाट बघायची. तेही काही तासांत होणारं नव्हे. निवृत्त बाईंना फोन केला तर त्या पंधरा मिनिटांत ऑफिसात हजर झाल्या. कोट न काढता खुर्चीवर बसून प्रयत्न करत राहिल्या, "माझ्या हातून राहिलं हे" म्हणत राहिल्या. त्यांच्या हातून काहीच राहिलेलं नव्हतं. एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच माणसाच्या ईमेलमध्ये ठेवलेला कारभार त्या माणसाबरोबर घरी जातो, आणि लहान ऑफिसांत सगळाच कारभार असा असतो. दोष मी आम्हालाही देते. तीन महिन्यांपूर्वी मी फक्त "सॅम चालू आहे ना?" असं विचारलं, "हो" ऐकलं आणि पुढच्या कामाला लागले. स्वतः साइटवर तारीख बघितली असती तर दोन मिनिटं लागली असती.

नोंदणी अपुरी राहिली म्हणून उशीर झाला, ही सबब परिवहन खातं ऐकत नाही. नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

साडेतीनला मी आमच्या संचालकबाईंच्या दारात उभी राहिले. म्हटलं, एकच वाट दिसतेय. आपली सॅम नोंदणी चालू आहे. रेझमध्ये स्थानिक सरकारांचा गट मिळून अर्ज करू शकतो. मुख्य अर्जदार आपण होऊ, काउंटी सहअर्जदार.

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मुख्य अर्जदार होणं म्हणजे सही करण्यापुरतं नाव देणं नव्हे. मंजुरी मिळाली तर करार आपल्याशी होणार. केंद्राचा पैसा हातात आधी येत नाही. ठेकेदाराला आधी आपण द्यायचं, मग बिलं लावून परत मागायचं. करारापूर्वी केलेला खर्च परत मिळत नाही. तेव्हाच्या नियमाने वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर केंद्राचा पैसा खर्च झाला की विशेष लेखापरीक्षण. पर्यावरणाची मंजुरी, रेल्वेशी करार, जमीन, हे सगळं उरकून 30 सप्टेंबर 2027 च्या आत रक्कम करारात बांधून घ्यायची, नाही तर ती गेली. अकरा माणसांच्या संस्थेला हे ओझं खरंच जड.

"काउंटीच्या ठरावात काय शब्द आहेत?" त्यांनी विचारलं.

जानेवारीतल्या जाहीर बैठकीत तिन्ही कमिशनरांनी केलेला ठराव मीच लिहून दिला होता. तो काढून वाचला. "मुख्य अर्जदार किंवा सहअर्जदार म्हणून." असं लिहायची सवय मला एका जुन्या वरिष्ठांनी लावली होती. ते शब्द नसते तर नव्या ठरावासाठी आगाऊ सूचना देऊन बैठक बोलवावी लागली असती, आणि विषय तिथेच संपला असता.

संचालकबाईंनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अर्ज करण्याचा अधिकार संचालकबाईंना होताच. मंजूर झाल्यास स्वीकारायचा की नाही हे मंडळ नंतर ठरवेल, एवढं बोलणं झालं. फोन ठेवून म्हणाल्या, "चला. किती कागद बदलायचेत?"

बरेच. अर्जाचा मुख्य फॉर्म नव्याने. ओळख क्रमांक, कर क्रमांक, सहीचा अधिकारी, सगळं आमचं. पहिल्या पानापासून "काउंटी विनंती करते" असं जिथे जिथे होतं तिथे बदल. पैशाच्या तक्त्यात स्थानिक वाटा कुणाचा, हे नव्याने. ग्रामीण प्रकल्पाला केंद्र पूर्ण खर्चही देऊ शकतं, पण काउंटीने आपला वाटा द्यायचं ठरवलं होतं, आणि ते पत्र आता आमच्या नावाने हवं होतं. कमिशनरांचे अध्यक्ष त्या वेळी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात होते. तिथल्या काउंटरवर त्यांनी सही केली आणि फोनने फोटो काढून पाठवला. फोटोत सहीच्या बाजूला मक्याचे दाणे पडलेले दिसत होते. तो अर्जाला जोडणं मला जिवावर आलं. मी पत्र नीट स्कॅन करून मागितलं, तेव्हा ते वीस मैल गाडी चालवून आमच्या ऑफिसात आले.

पोर्टलवर आमच्या संस्थेतर्फे बटण दाबायचा अधिकार होता आमच्या हिशोबनीस सहकारिणीला. ती मुलाला घेऊन कधीच घरी गेली होती. सात वाजता परत आली, मुलगा बरोबर. तो कॉन्फरन्स रूममध्ये पुलाच्या नकाशाच्या रद्दी प्रतींच्या मागे रेल्वेगाड्या काढत बसला.

साडेआठला पहिल्यांदा पाठवलं. त्रुटी आली. एका फाईलच्या नावात मी '&' चिन्ह ठेवलं होतं. नाव बदललं. पुन्हा पाठवलं तर पोर्टल अर्धा तास नुसतं फिरत राहिलं. देशभरातली ऑफिसं त्याच रात्री तिथे लोटलेली असणार. नऊ पन्नासला पडद्यावर क्रमांक आला, अर्ज मिळाला. पण मिळाला म्हणजे ग्राह्य झाला नव्हे. पोर्टल आधी अर्ज तपासतं, मग "ग्राह्य" असा दुसरा ईमेल येतो, आणि तो येईपर्यंत काही खरं नसतं. निवृत्त बाई तोवर काउंटीच्या ऑफिसातून आमच्याकडे आल्या होत्या, सगळ्यांसाठी सँडविच घेऊन. कुणी बोलत नव्हतं. दहा वाजून छत्तीस मिनिटांनी दुसरा ईमेल आला. हिशोबनीस सहकारिणीने तो मोठ्याने वाचला, आणि त्या बाई रडायला लागल्या.

मी चीफना मेसेज केला. रात्री अकराला त्यांचं उत्तर आलं: "धन्यवाद. आत्ता फाटकावर उभा आहे. 18 मिनिटं झाली."

दुसऱ्या दिवशी काउंटीत नोटरी बोलावली आणि सॅमचे दोन प्रशासक नेमायचं पत्र पाठवलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक गावाची नोंदणी कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी स्वतः लिहिते, आणि विचारत नाही, साइट उघडून बघते.

28 जूनला यादी जाहीर झाली. देशभरात 162 प्रकल्प, 2.2 अब्ज डॉलरच्या वर. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. आमचा पूल त्यात नव्हता.

चीफना फोन करायला मी दुपारपर्यंत थांबले. कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, पुढचा अर्ज कधी? मी म्हटलं, हिवाळ्यात. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"दुसरी वही अर्धी भरलीय," ते म्हणाले. "उद्या आणून देऊ का?"