बॉल सोडला, माणूस धरला

"अख्ख्या मॅचमध्ये फक्त आठ डिस्पोझल? याला बसवा आता!"

मेलबर्नच्या एमसीजी मैदानावरची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच नुकतीच सुटलेली, रिचमंड स्टेशनवरून निघालेली ट्रेन खचाखच. काळा-पिवळा स्कार्फ घातलेली पोरगी मोबाइलवर आकडे दाखवत आजोबांवर करवादत होती. किक आणि हँडबॉल (म्हणजे मुठीनं मारून दिलेला पास) मिळून जे मोजतात ते डिस्पोझल. चांगला मिडफिल्डर सहज पंचवीस-तीस काढतो.

आजोबा म्हणाले, "त्याचे राहू दे. तो ज्याच्या मागे होता त्याचे किती झाले, ते बघ."

तिनं स्क्रोल केलं. समोरच्यांचा हुकमी गडी अकरावरच अडकलेला. पोरगी गप्प.

टॅगर म्हणतात याला. समोरच्या सगळ्यात भारी खेळाडूला चिकटायचं, ढकलाढकली करायची, शिव्या खायच्या. स्वतःला बॉल मिळो न मिळो. टीम जिंकत असली की हा कुणाच्या खिजगणतीत नसतो, हरायला लागली की पहिली कुऱ्हाड याच्यावर. आणि या काळ्या-पिवळ्या रिचमंड टीमनं तर दोन्ही टोकं पाहिलीत: 2017, 2019, 2020 ला चॅम्पियन, 2024 ला 18 टीममध्ये शेवटून पहिले! एवढं घसरल्यावर चाहते कुणावर तरी राग काढणारच म्हणा.

मला मात्र घरी येईपर्यंत आपले बापू नाडकर्णी आठवत राहिले. मद्रास, 1964, इंग्लंडविरुद्ध सलग 21 मेडन. 32 ओव्हर, 5 रन आणि विकेट शून्य.

आजच्या फँटसी ॲपवर बापूंना टीममध्ये घेतलं असतंत का, खरं सांगा?