सोयाबीन ठेवू का विकू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी शेतमालाच्या बाजाराचा अभ्यास करते. कुठल्या महिन्यात किती आवक, भाव कसा हलला, कोणी विकलं, कोणी थांबलं आणि का, हे बघणं हेच माझं काम. हे समोरच्याला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नात जेवणाच्या पंगतीत मामा विचारतात, औशाकडचा चुलतभाऊ फोनवर विचारतो, "आक्के, मार्केट काय म्हणतंय, ठिवावं का इकावं?", विद्यार्थ्यांचे वडील विचारतात, लातूरच्या अडत लाईनमध्ये आकडे लिहून घेत उभी असले तर शेजारी पोत्यावर बसलेले तात्या विचारतात. दोन मिनिटांच्या फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही आणि अर्धवट दिलं तर त्यावर कुणाचा तरी वर्षाचा माल अडकून पडतो, म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी सरळ सांगते, मार्चमध्ये सोयाबीन काय भावाने जाईल हे मी सांगू शकत नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांनाही ते माहीत नसतं. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो, १५ कोटी टनाच्या वर, आणि आपला अख्खा देश मिळून सव्वा कोटी टनाच्या आसपास. आपण घरात थप्पी लावून फेब्रुवारी-मार्चची वाट बघतो आणि नेमकी तेव्हाच ब्राझीलची काढणी जोरात असते, म्हणजे आपल्याकडची आवक आटली तरी जगाच्या बाजारात नवा माल ओतला जात असतो. "आवक कमी झाली की भाव चढणारच" हे गणित जिथला माल तिथेच खाल्ला जातो अशा पिकाला बऱ्यापैकी लागू पडतं, सोयाबीनला तितकं नाही.

दुसरं म्हणजे सोयाबीन आपण तेलबिया म्हणून ओळखतो पण एक क्विंटल गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो, आणि ८० किलोच्या आसपास निघते पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात आणि जी मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यामुळे प्लांटवाला, म्हणजे सोयाबीन गाळणारा कारखानदार, भाव काढताना तेल आणि डीओसी दोन्ही बघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं, सगळे कर धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के, आणि त्या आठवड्यात मला किती फोन आले, सगळ्यांना वाटलं आता सोयाबीन सुटलं. तेल महागलं पण सोयाबीन नाही सुटलं. कारण त्याच काळात मका आणि तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा चोथा, डीडीजीएस, पोल्ट्री खाद्यात स्वस्तात मिळायला लागला होता आणि आपली डीओसी जगाच्या बाजारात अर्जेंटिनापेक्षा महाग पडत होती. तेलाने जे वर नेलं ते पेंडीने खाली ओढलं, आणि ४,८९२ हमीभाव असताना लोकांनी चार हजाराच्या आसपास माल घातला. पुढे मे २०२५ च्या शेवटी तेच शुल्क परत कमीही केलं.

मग थांबायची एवढी सवय लागली कशी? तर २०२१ मुळे. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भावाने दहा हजार ओलांडले, नवा माल आला तेव्हा पाच हजारापर्यंत पडले, आणि ज्यांनी तेव्हा न विकता धरून ठेवलं त्यांना २०२२ च्या सुरुवातीला सात हजार पाहायला मिळाले, कारण युक्रेनच्या युद्धाने जगभर खाद्यतेल भडकलं होतं. ते एक वर्ष आपल्या भागात प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. पण त्यानंतरचे सलग तीन हंगाम बघा, २०२२, २०२३ आणि २०२४ चं सोयाबीन, तिन्ही वेळा दिवाळीच्या सुमारास जो भाव होता तो पुढे उन्हाळ्यापर्यंत फारसा वाढला नाही. म्हणून थांबूच नका असं मी म्हणत नाहीये, फक्त एका युद्धाच्या वर्षावरून कायमचा नियम काढू नका.

आता संशोधनातली एक गोष्ट सांगते जी मला फार महत्त्वाची वाटते आणि आपल्या राज्यातली आहे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत एक प्रयोग केला, काही शेतकऱ्यांना मोबाईलवर रोज बाजारभाव आणि हवामानाचे मेसेज दिले, काहींना दिले नाहीत, आणि मग दोघांना मिळालेला भाव ताडून पाहिला. पिकांमध्ये सोयाबीनही होतं. २०१२ मध्ये निकाल छापून आला, तर मेसेज मिळालेल्यांना सरासरी भाव जास्त मिळाला असं काही दिसलं नाही. म्हणजे नुसता भाव माहीत असून भाव मिळत नाही! आज आपल्याकडे प्रत्येक गावात चार-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी बाजाराचा भाव येतो, दुपारी प्लांटचे रेट येतात, माहितीची कमी कुठेच नाही, आणि तरी दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांत निम्मं गाव माल घालून मोकळं होतं. का? कारण कृषी सेवा केंद्राची उधारी दसऱ्याला फेडायची बोली असते, अडत्याकडून जूनमध्ये उचल घेतलेली असते त्यामुळे माल त्याच्याच दुकानात घालावा लागतो, मळणीवाल्याला रोख द्यायचं असतं, हरभऱ्याचं बी-खत घ्यायचं असतं, लेकरांची फी असते. भाव माहीत असतो हो, थांबायची ऐपत नसते.

याच्या उलट अपराजिता गोयल यांचा मध्य प्रदेशातल्या सोयाबीनवरचा २०१० चा अभ्यास बघा. तिथे एका मोठ्या कंपनीने गावोगावी भाव सांगणारी केंद्रं काढली आणि शिवाय स्वतःची खरेदी केंद्रं उभी केली, जिथे माल तपासून थेट विकता येत होता. तिथे मात्र मंडीतला भावही एक ते तीन टक्क्यांनी वाढला. फरक कळतोय ना, तिथे माहितीबरोबर दुसरा गिऱ्हाईक पण मिळाला. शेतकऱ्याला "जा, नाही घालत तुझ्याकडे" म्हणता आलं.

आणि तिसरा अभ्यास केनियातला, मक्यावरचा. तिथेही शेतकरी काढणीला स्वस्तात विकायचे आणि पुढे तेच धान्य महागात विकत घ्यायचे, मग काहींना काढणीच्या वेळी छोटं कर्ज दिलं, त्यांनी माल ठेवला आणि त्यांचा फायदा झाला. हे सगळं वाचून मला जे पटलंय ते एवढंच की "भाव काय होईल" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे, पहिला प्रश्न "थांबायला मला किती पैसे पडतात" हा आहे, आणि याचं उत्तर तुमच्या घरातच असतं, त्यासाठी मला फोन करायची पण गरज नाही.

हिशोब करून दाखवते. समजा ऑक्टोबरमध्ये तुमच्या मालाला ४,२०० भाव निघतोय, हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा, १२ टक्के आहे. मार्चपर्यंत माल वाळून हवा १० वर येते, म्हणजे १०० किलोचं साधारण ९७ किलो ८०० ग्रॅम राहतं. बारदाना, जास्तीची हमाली, ने-आण याला क्विंटलमागे ५० रुपये धरा. आता तुमच्यावर खासगीत महिन्याला शेकडा दोनने पैसे असतील तर ४,२०० वर पाच महिन्यांचं व्याज झालं ४२०. हे सगळं धरून मार्चमध्ये तुम्हाला ४,७७५ मिळाले तर तुम्ही ऑक्टोबरएवढेच, एक रुपया जास्त नाही. भाव पावणेपाच हजार झाला म्हणून गावात पेढे वाटले जातील आणि तुमच्या हातात काहीच आलेलं नसेल. तोच माल बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवला, म्हणजे किमतीच्या ७५ टक्के उचल, सहा महिन्यांपर्यंत, वर्षाला सहा टक्क्यांनी, आणि डोक्यावर सावकारी नसेल, तर व्याज पडतं ७९ रुपये आणि ४,४३० च्या पुढे तुमचा फायदा सुरू होतो. माल तोच, गाव तेच, आणि दोघांच्या हिशोबात साडेतीनशे रुपयांचा फरक. म्हणून मामांना मी "ठेवा" म्हणाले आणि त्यांच्याच शेजाऱ्याला "निम्मं आजच घाला आणि सावकार मिटवा" म्हणाले, तर यात परस्परविरोध नाही.

मालाच्या प्रतीचंही बघा. प्लांटचं माप १० टक्के हवा, २ टक्के माती, २ टक्के डागी दाणे, त्याच्या पुढे भावात कट लागतो. सप्टेंबर २०२५ सारख्या पावसात भिजलेलं, डाग पडलेलं सोयाबीन धरून काही उपयोग नाही, ते घरात सुधारत नाही, बुरशी वाढतेच. तुरीचं गणित वेगळं. २०१५ ला तूर भडकली, पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, देशात २५-२६ लाख टनांवरून उत्पादन ४८ लाखांच्या पुढे गेलं आणि ५,०५० हमीभावाची तूर चार हजाराच्या खाली गेली, खरेदी केंद्रावर रांगा आणि बारदाना नाही, हे कुणी विसरलं नसेल. तिथे प्रश्न ठेवण्याचा कमी आणि पेरताना शेजाऱ्याचं शिवार बघण्याचा जास्त आहे. वसमत-हिंगोलीची हळद नीट वाळवली तर बराच काळ टिकते म्हणून तिथले लोक धीराने विकू शकतात, सोयाबीनला तेवढी मुभा नाही.

आता जे मला मनापासून खटकतं ते. शेतकऱ्याने हिशोब करावा असं आम्ही म्हणतो, पण हिशोबाला पाया तर पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, नंतर त्याला मुदतवाढच मिळत गेली. वायद्यावर माझा आंधळा विश्वास नाही, पण मार्चचा सौदा आज काय भावाने होतोय हे फळ्यावर दिसायचं, एफपीओला, म्हणजे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला, त्यावर बेत तरी करता यायचा, तोही आधार गेला. हमीभावाने खरेदी करताना १२ च्या वर हवा चालत नाही हा नियम, २०२४ मध्ये तो १५ पर्यंत सैल केला, चांगलं केलं, पण कधी, तर नोव्हेंबर निम्मा उलटल्यावर, तोपर्यंत ज्याला पैशाची सगळ्यात जास्त नड होती त्याचा माल व्यापाऱ्याकडे जाऊन पट्टीही झाली होती. ऑगस्टमध्ये सांगा ना! शुल्क काय, खरेदी कधीपासून, हवा किती चालेल, हे सगळं काढणीच्या आधी जाहीर करून हंगामभर बदलायचं नाही, एवढं केलं तरी माझ्यासारख्यांच्या शंभर पेपरांपेक्षा जास्त काम होईल.

आणि तारण योजना ही १९९० पासून आहे, पणन मंडळाची, नवीन नाही, तरी मी ज्या गावांत जाते तिथे दहातल्या बऱ्याच जणांना ती फक्त नावाने माहीत असते. काही बाजार समित्या ती नीट चालवतात, काही ठिकाणी गोदामच मोकळं नसतं किंवा निधी संपलाय म्हणून परत पाठवतात, एका ठिकाणी तर दोन दिवस फिरवून शेवटी "पुढच्या सोमवारी या" सांगितलेला एक शेतकरी मला तिथल्याच दारात भेटला आणि त्याने संध्याकाळी माल घालून टाकला. म्हणून काढणीला पंधरा दिवस असतानाच जाऊन विचारा, गोदाम आहे का, पैसे किती दिवसांत मिळतात. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद लागते, तेव्हा ई-पीक पाहणी वेळेत करून घ्या, ती राहिली म्हणून तारणही हुकतं आणि हमीभावाची नोंदणीही. माल वाळवून, चाळून न्या. समितीत नाहीच जमलं तर वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर बँकेचं कर्ज मिळतं तेही विचारा, आणि चार-पाच जण मिळून गेलात तर गाडीभाडं पण वाटून जातं.