तज्ज्ञाचा अहवाल आणि बँकेतले हयातीचे दाखले

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या सहीचे साठेखत (मालमत्ता विकण्याचा करार) पुढे करून एका गृहस्थांनी आमच्यावर दिवाणी दावा लावला आणि ती सही वडिलांचीच असल्याचा खासगी हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल दाखल केला. आमची कैफियत (लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, सरतपासणी (साक्षीदाराची पहिली जबानी) हे सारे रीतसर झाले. अहवालात मात्र ताडून पाहिलेल्या सह्या झेरॉक्सवरच्या होत्या, आणि त्याही वडिलांना अर्धांगवायू होण्याच्या पुष्कळ आधीच्या. पेनाचा दाब, मध्येच उचललेले टोक, गिरवताना येणारी थरथर यांपैकी काहीच झेरॉक्समध्ये भरवशाने दिसत नाही.

आजारानंतरच्या मूळ सह्या होत्या त्या दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत दिलेल्या हयातीच्या दाखल्यांवर, आणि तेथेच आमचे घोडे अडले. आमच्या अर्जावरून कोर्टाचे समन्स मिळाल्यावर शाखेने कागद गोदामात असल्याचे सांगितले, गोदामाने शाखेचे पत्र मागितले आणि शाखेने वरिष्ठांची परवानगी. समन्समध्ये ‘मूळ प्रती’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही एका तारखेला बँकेचे अधिकारी आले ते दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊनच, आणि त्या चालतील की असे वर निर्धास्तपणे म्हणाले! त्यांना दोष तरी किती द्यावा, कारण तज्ज्ञालाही त्या चालल्याच होत्या. अखेर वकिलांनी वर्षवार यादी व पेन्शन खात्याचा क्रमांक जोडून पुन्हा अर्ज दिला, तेव्हा मूळ दाखले कोर्टात आले. ही यादी पहिल्याच अर्जाला जोडावी.

उलटतपासणीत तज्ज्ञाच्या पदव्यांना वकिलांनी हातही लावला नाही. नमुन्यांच्या मूळ प्रती पाहिल्या का आणि आजाराची माहिती होती का, एवढेच त्यांनी विचारले. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या मुरारीलाल निकालात तज्ज्ञाच्या मताला दरवेळी दुजोरा हवाच असे नाही, पण त्यामागची कारणे सावधपणे तपासावीत, असे म्हटले आहे. आणि १९९९ च्या जयलाल निकालानुसार निष्कर्ष पडताळण्याची साधने न्यायाधीशांपुढे ठेवणे हे तज्ज्ञाचेच काम आहे. आमच्या न्यायाधीशांनी अहवालाला फारसे वजन दिले नाही, मूळ दाखल्यांवरच्या कापऱ्या सह्या स्वतः पाहिल्या आणि इसाराची (सौद्याची आगाऊ) रक्कम दिल्याचा पुरावा नसल्याचेही नोंदवून दावा फेटाळला.

आमचे प्रकरण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या, तज्ज्ञांच्या मताविषयीच्या कलम ४५ खाली चालले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ आले आहे. आणखी एक सांगायचे राहिले: बँका जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, म्हणून दाव्याची नोटीस हाती येताच कागद जपून ठेवण्याचे पत्र बँकेला द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.